कोरड्या हाताचा डाग

१

हातातून मासा सुटून जातो तेव्हा पाण्याचा एक आवाज होतो. मासा उडी मारतो तो आवाज वेगळा, काठावरचा दगड घसरून पडतो तो वेगळा. हा आवाज खालून येतो. शेपटीचा एकच वळसा, चुळुक, आणि लगेच मिटतो. ज्याने मासे धरून पुन्हा सोडले आहेत, त्यालाच तो ओळखू येतो.

होनोरियो वेनुमान बावीस वर्षांचा होता, तेव्हा कुरिलेओ ओढ्याच्या वरच्या घळीत त्याने तो ऐकला. त्याने नुकताच एक ट्राउट सोडला होता. ओंजळ अजून पाण्यात होती. तेवढ्यात वरच्या वळणापलीकडून तोच आवाज आला. तोच, पण फार मोठा. एखादं वासरू कुणी पाण्याखाली धरून ठेवावं आणि मग अलगद सोडून द्यावं, तसा.

तो दगडांवरून उड्या मारत वळणापलीकडे गेला. तिथे डोह होता. पाणी अजून डुचमळत होतं. काठची वाळू कोरडी होती, तिच्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. तो बराच वेळ उभा राहिला. वारा पडला होता, आणि त्या डोंगरात वारा पडला की कान दुखायला लागतात.

घरी येताना त्याच्या मनात जे सुटून गेलं त्याचा विचार नव्हता. ज्याने सोडलं त्याचा होता. एवढं काही अलगद सोडायचं तर हात केवढे लागतील?

कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं होतं. बावीस वर्षांच्या माणसाला अशी गोष्ट फार दिवस पुरत नाही.

२

त्या गोष्टीला बावन्न वर्षं झाली. होनोरियोचे गुडघे गेले, पाण्यात उतरणं सुटलं. गेली दहा वर्षं पाहुण्यांना ओढ्यावर न्यायचं काम त्याची मुलगी नेल्दा करत होती. नेल्दा छत्तिशीतली, आईसारखी रुंद खांद्यांची. तशी कमी बोलणारी, पण पाहुण्यांची फिरकी घ्यायची म्हटलं की तिची जीभ सुटायची. आई गेल्यापासून घरात दोघंच होती.

दिवस ठरलेला असायचा. सकाळी होनोरियो खिडकीशी बसून माशांना भुलवायच्या पिसांच्या खोट्या माश्या बांधायचा. इवलासा गळ, त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस, वर रेशमी दोऱ्याचे वेढे. बांधायच्या आधी गळाचा उलटा दात चिमट्याने चेपून टाकायचा. मग माशाच्या ओठाला टाचणीएवढंच भोक पडतं आणि गळ ओढावा लागत नाही. दुपारी किटली, माते म्हणजे नळीने ओढायच्या कडू चहाची पानं आणि तळलेल्या पोळ्या घेऊन तो घोडीवरून काठावर यायचा आणि वाळुंजाच्या सावलीत बसून राहायचा. कुरिलेओतला मासा घरी न्यायचा नाही. धरायचा, बघायचा, सोडायचा. खोऱ्यात ज्यांना म्हणून हे नीट जमत होतं, ते सगळे होनोरियोच्या हाताखालून गेले होते.

जानेवारीतली, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. गोमाश्या चावत होत्या. रोसारिओ शहरातले दातांचे डॉक्टर बेल्त्रामे मांडीभर पाण्यात उभे होते. नऊ वर्षं ते दर उन्हाळ्यात यायचे आणि नऊ वर्षं त्यांचं तोंड काही बंद झालं नव्हतं.

"आला! नेल्दा, आला बघ!"

"दोर ढिला सोडा, डॉक्टर. मासा आहे तो. दाढ उपटायची नाहीये."

"उस्ताद, तुमची पोरगी मला माझ्याच धंद्यावरून बोलते!"

"मग धंदा बदला," होनोरियो सावलीतून म्हणाला.

नेल्दाने हात पाण्यात बुडवून ओले केले, मासा अलगद उचलला आणि तिची हसरी मुद्रा उतरली. "ताता, हे बघ."

होनोरियो काठीच्या आधाराने पाण्याकडेला आला. ट्राउट चांगला कोपरभर होता. त्याच्या कुशीवर पांढरी बुरशी धरली होती, कापसासारखी. बुरशीचे चार पट्टे होते.

"हात आहे," डॉक्टर म्हणाले. एवढंच म्हणाले, म्हणून दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

त्यात नवल नव्हतं. ट्राउटच्या अंगावर बुळबुळीत साय असते. कोरड्या हाताने धरलं की ती निघून हाताला चिकटते, आणि तेवढ्या जागी आठ-दहा दिवसांत बुरशी येते. ज्याने धरलं त्याचा हात माशाच्या अंगावर उमटतो. बहुतेक वेळा मासा त्यातच मरतो.

"कुणीतरी गाढव येऊन गेलाय," होनोरियो म्हणाला. त्याचा आवाज कधी चढत नसे. रागावला की तो आणखी सावकाश बोलायचा. "हात ओले करायला काय लागतं? पाण्यातच तर उभा असतोस."

नेल्दाने माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं, पोटाखाली हात उघडे ठेवले आणि वाट पाहिली. मासा बराच वेळ गेला नाही.

३

त्या आठवड्यात असे अकरा मासे मिळाले. सगळे वरून, घळीच्या बाजूने आलेले. आणि सगळ्यांवर एकच हात.

तो एकच आहे हे आधी नेल्दाच्या लक्षात आलं. तिने वहीच्या पानावर पेन्सिलीने काढून आणलं. चार बोटं या कुशीवर, चार त्या कुशीवर. आठही सारख्या लांबीची. अंगठा कुठेच नाही.

"दोन्ही हातांनी धरला असेल," होनोरियो म्हणाला. "अंगठे वर ठेवून."

"मग तळवा?"

तळव्याचा डाग पोटावर हवा होता. पोट स्वच्छ होतं.

होनोरियोला शाळा दोनच वर्षं मिळाली होती, पण हाताने करून बघता येईल अशी गोष्ट तो सोडायचा नाही. नेल्दाने पोळ्यांसाठी कणीक मळून ठेवली होती. त्याने तिचा लांबट गोळा केला, माशाएवढा, आणि दोन्ही हातांनी धरून पाहिला. वरून धरला. खालून धरला. हात उलटे करून, पाठमोरा उभा राहून धरला. प्रत्येक वेळी अंगठा उमटला, नाहीतर तळवा तरी उमटला.

नेल्दा दारात उभी राहून हसत होती. "ताता, त्या कणकेला आता जाऊ दे. दमली ती."

तोही हसला. पण कणीक टोपलीत ठेवताना त्याने तिच्यावरचे सगळे ठसे पुसून सपाट केले. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी मासेरक्षक तोलोसा फटफटीवरून आला. सरकारी टोपी, पोट सुटलेलं, नेल्दाच्या हातच्या पोळ्यांवर डोळा. पडलेल्या पेउएन झाडाच्या वर घळीत मासेमारीला बंदी होती, आणि ती बघायची जबाबदारी त्याची होती.

"कोण येतं वर?" होनोरियोने विचारलं.

"कुणी नाही, काका. त्या घळीत जायचं तर बकरीचे गुडघे हवेत, नाहीतर घरी बायकोशी भांडण झालेलं हवं. मला दुसरं आहे, तरी मी जात नाही."

"पाऊलखुणा?"

"माझ्याच. त्याही गेल्या महिन्यातल्या." त्याने तिसरी पोळी उचलली. "असेल कुणी नवशिक्या. तुम्हीच गाठा आणि शिकवा त्याला. तुमचं ऐकतात लोक. मी पावती फाडली की नुसते चिडतात."

हे होनोरियोला पटलं. माणूस वाईट नसतो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं, असं तो जन्मभर मानत आला होता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच घोडीवर बसून घळीत गेला. पेउएनच्या पुढे घोडी कुरकुरायला लागली. त्याने तिला मानेवर थोपटत, गोड बोलत वर नेलं. तिसऱ्या डोहापाशी ती थांबली ती थांबलीच.

ऊन भरपूर होतं. पलीकडच्या काठाला वाळुंजाची मुळं पाण्यात उतरली होती, आणि त्या मुळांत कमरेइतक्या पाण्यात कुणीतरी उभं होतं.

पाठमोरं. वाकलेलं. दोन्ही हात कोपरांपर्यंत पाण्याखाली. पाण्याला लागून ज्याला पाठ म्हणावं असं काहीतरी, ओल्या लाकडाच्या रंगाचं. सदरा असेल. डोकं खाली घातलेलं होतं, त्यामुळे मागून दिसत नव्हतं. मासा सोडायला वाकलेला माणूस असाच दिसतो. होनोरियोने आयुष्यात हजार पाठी अशा पाहिल्या होत्या.

"ओ भाऊ!" त्याने हाक मारली.

तो हलला नाही.

होनोरियो थांबला. मासा हातात असेल तर माणसाला हाक मारू नये. त्याने मनात शंभर मोजले, मग आणखी शंभर. एवढा वेळ कुणी वाकून राहू शकत नाही, कंबर धरते. आणि आणखी एक गोष्ट त्याच्या मनात आली ती तिथेच अडकून राहिली. हात तर पाण्यात आहेत. मग कोरडे कसे?

असेल लाजाळू. बंदीच्या जागी आलाय, पकडला जाईन म्हणून तोंड दाखवत नाही. असं म्हणून होनोरियो घोडीवरून उतरला, दगडावर टेकला आणि चाळीस वर्षं पाहुण्यांशी, तोलोसाशी, स्वतःच्या सात वर्षांच्या मुलीशी ज्या आवाजात बोलला, त्याच आवाजात बोलू लागला.

"मी तुला धरायला आलेलो नाही. ऐक फक्त. तुझ्या हातचे मासे मरताहेत रे. हात आधी ओले करायचे, पार मनगटापर्यंत. गळाचा दात चेपून टाकायचा, म्हणजे भोक लहान पडतं, दुखत नाही. धरल्यावर दाबायचं नाही. तोंड प्रवाहाकडे करायचं, श्वास येऊ द्यायचा. घाई करायची नाही. आणि आपण सोडायचं नाही. हात उघडे ठेवायचे नुसते. त्याचं त्याला जाऊ द्यायचं."

डोहावर वारा नव्हता. त्याला वाटलं, ते ऐकतंय. डोकं किंचित कलंडल्यासारखं झालं, एका बाजूला, आणि मग बरंच जास्त एका बाजूला.

"एवढंच," होनोरियो म्हणाला. "जमेल तुला."

मग ते खाली गेलं. बुडलं नाही, पोहलंही नाही. जिन्याची एकेक पायरी उतरावी तसं सावकाश खाली गेलं आणि वर पाणी मिटलं. एक बुडबुडा आला नाही.

मुळांमागे काठ आतून पोखरलेला असणार. तिथून पलीकडे निघून गेला असेल. होनोरियो परत येताना हे घोडीला सांगत होता.

५

त्यानंतर मासे स्वच्छ मिळू लागले. तीन आठवड्यांत एकावरही डाग दिसला नाही. ओठाला टाचणीएवढं भोक दिसायचं, ताजं, आणि अंग काचेसारखं चकचकीत.

"ताता, तुझा विद्यार्थी पास झाला," नेल्दा म्हणाली.

त्याला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याने तोलोसाला बोलावून पोळ्या खायला घातल्या.

डॉक्टर बेल्त्रामेंचा मुक्काम संपायला दोन दिवस होते. त्या दुपारी ते एकटेच पहिल्या वळणापलीकडे गेले. नेल्दा दुसऱ्या पाहुण्याचा गुंता सोडवत होती. होनोरियो किटलीतलं पाणी ओतत होता, आणि त्याने तो आवाज ऐकला. खालून आलेला, एकाच वळशाचा, मोठा.

बावन्न वर्षांनी ऐकला तरी त्याचा हात थांबला आणि गरम पाणी बोटांवर सांडलं.

वळणापलीकडे डॉक्टर कमरेइतक्या पाण्यात उभे होते, तोंड प्रवाहाकडे. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं, उघडत होतं. त्यांची गळाची काठी काठावर नीट आडवी ठेवलेली होती, दोराचं चाक वर करून, वाळू लागू नये अशी.

"डॉक्टर!"

त्यांना वळायला वेळ लागला. मग हसले. "उस्ताद, कधी सोडलंत मला?"

"काय?"

"काय छान धरता हो तुम्ही. घसरलो असतो मी. पाठीखाली हात होते तुमचे." त्यांनी डोळे मिचकावले. "थंड होते, पण छान होते."

होनोरियोची विजार गुडघ्यापर्यंतसुद्धा भिजलेली नव्हती.

होनोरियो आणि नेल्दाने त्यांना काठावर आणलं, घोंगडी पांघरली, माते दिला. अंगावर खरचटलेलंही नव्हतं. डॉक्टर त्या दुपारी एक शब्द जास्त बोलले नाहीत. फक्त गाडीत बसताना आरशात बघून त्यांनी खालचा ओठ बोटाने दुमडला आणि धंद्याच्या सवयीने म्हणाले, "स्वच्छ आहे. सुजणार नाही."

शुक्रवारी ते रोसारिओला गेले. तो दीड दिवसाचा रस्ता. मंगळवारी तोलोसाला त्यांची गाडी ओढ्याच्या रस्त्याकडेला उभी दिसली, दार उघडं. ते त्याच वळणापलीकडे, त्याच जागी, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. बरोबर काठी नव्हती, बूट नव्हते. तोलोसाने त्यांना खांद्यावर घालून आणलं. त्यांनी अंग जराही आखडलं नाही, असं तो म्हणाला, आणि त्यावर त्याला कुठला विनोद सुचला नाही. दोन दिवसांनी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला.

६

"ओढ्यावरच्या पुलापासून वर, घळीकडे जाऊ नकोस," होनोरियो नेल्दाला म्हणाला.

"डॉक्टरांना चक्कर आली, ताता. साठी उलटलीय त्यांची. ऊन डोक्यात गेलं."

"दोनदा?"

"दुसऱ्यांदा डोकं फिरलं होतं. होतं असं माणसाचं." ती बूट घासत होती. "आणि पुलाच्या खालच्या बाजूला काय आहे? चिखल आणि मेंढ्या. पाहुण्यांना मेंढ्या धरायला लावू? हात ओले करून?"

"मी घळीत एकाशी बोललो होतो."

"सांगितलंस की. तुझा विद्यार्थी."

"नेल्दा, तो माणूस होता का, ते मी नीट पाहिलं नाही."

तिने मान वर केली. बापाच्या तोंडून असं वाक्य तिने कधी ऐकलं नव्हतं. मग ती मऊ आवाजात म्हणाली, "बरं. नाही जात वर. झालं?"

त्याने विश्वास ठेवला. पण फेब्रुवारी सरत आला तशी ती उशिरा यायला लागली. आधी पाव तास, मग अर्धा. पाहुणे नसतील त्या दिवशीही निघायची. विचारलं तर म्हणायची, पाणी बघून आले. घरी आली की केस ओले असायचे आणि चेहरा शांत. आई गेल्यापासून होनोरियोने तिचा चेहरा इतका शांत पाहिला नव्हता. हीच गोष्ट त्याला सहन होत नव्हती.

एका दुपारी ती समोर बसून माते ओढत होती. नळी ओठाला लागली आणि तिची पापणी हलली.

"बघू," तो म्हणाला.

"काही नाही."

"बघू, पोरी."

तिने हरकत घेतली नाही. त्याने तिचा खालचा ओठ अंगठ्याने खाली केला. आत एक टाचणीएवढं भोक होतं, ताजं. त्याच्या बाजूला एक भरत आलेलं. त्याच्या बाजूला तीन पांढरे ठिपके, जुने झालेले. आणि दुसऱ्या कोपऱ्यात आणखी.

कुरिलेओत असे मासे असतात. एका उन्हाळ्यात सहा-सात वेळा धरले गेलेले. पहिल्यांदा मासा जिवाच्या आकांताने झगडतो. तिसऱ्यांदा जरा कमी. सातव्यांदा गळ लागला की तो सरळ येतो, हातात येऊन टेकतो आणि वाट बघतो. पाहुण्यांना असा मासा आवडत नाही. होनोरियोला मात्र त्यांची फार दया यायची.

"दुखतं?" त्याने विचारलं.

"नाही, ताता," ती म्हणाली. तिला त्याला बरं वाटावं असं वाटत होतं, हे त्याला दिसलं. "तू शिकवलंस तस्सं करतं. घाई नाही करत. दाबत नाही."

"दार लावून घेतो मी. घराबाहेर पडायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

तिने इतक्या सहज बरं म्हणायला नको होतं.

७

सकाळी उठल्यावर त्याने तोलोसाला घरी बोलावून घेतलं, पोरीजवळ बसायला सांगितलं आणि घोडीवर खोगीर चढवलं. तोलोसाने कुठे म्हणून विचारलं नाही. पेउएनपाशी घोडी अडली. तिथून तो पायी गेला. त्या गुडघ्यांनी घळ चढायला त्याला दुपार झाली.

त्याने ठरवलं होतं की दगडावर टेकून, त्याच आवाजात, शिकवलेलं परत घ्यायचं. पण डोहासमोर बसल्यावर त्याला कळलं, की धरावं कसं, सोडावं कसं, एवढंच तो आयुष्यभर सांगत आला होता. धरू नकोस, हे त्याने आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. ते कसं सांगतात ते त्याला माहीत नव्हतं.

"ती माझी आहे," तो म्हणाला. "तिला नको. मी आहे ना."

आणि बूट न काढताच तो पाण्यात उतरला. थंडीने श्वास कोंडला. गुडघे, मांड्या, कंबर. त्याने तोंड प्रवाहाकडे केलं, हात बाजूला सोडले आणि डोळे उघडे ठेवले.

बऱ्याच वेळाने पाण्याखाली उजेडात काहीतरी हललं. आधी त्याला ती वाळुंजाची मुळं वाटली. मग ती उघडली. दोन, तळाकडून वर येणारी, ओल्या लाकडाच्या रंगाची, वर वळलेली. प्रत्येकी चार बोटं. सारख्या लांबीची. ती त्याच्या पोटरीपाशी आली, मांडीपाशी आली, अगदी अलगद. त्याच्या सबंध आयुष्यात त्याला इतकं अलगद कुणी धरलं नव्हतं. क्षणभर त्याच्या गुडघ्यांतलं दुखणं थांबलं. त्या एका क्षणात त्याला पोरीचा चेहरा का शांत असतो ते कळलं.

मग ती दूर झाली. सावकाश मिटली आणि खाली गेली. होनोरियो रडायला लागला. म्हाताऱ्या, झिजलेल्या शेपटीचा मासा हातात आला की तो स्वतःही त्याला असाच लगेच सोडून द्यायचा. उगीच दमवायचा नाही.

मागे खडीवर पाऊल वाजलं.

नेल्दा काठावर उभी होती. अंगात घरातलाच झगा, पायांत काही नाही.

"तोलोसा?" त्याने विचारलं.

"झोपलाय," ती म्हणाली. "पोळ्या खाऊन." आणि ती त्याच्याकडे बघून हसली, नेहमीचं, फिरकी घेतानाचं. तेवढ्यावरून त्याला वाटलं, अजून वेळ आहे.

तो धडपडत बाहेर आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. खाली ओढून तिला आपल्याजवळ दगडावर बसवलं. ती बसली. मनगट गरम होतं, आत नाडी उडत होती. तो तिच्याशी बोलत राहिला. आईबद्दल बोलला. उद्या दोघं आलुमिनेला जाऊ म्हणाला, तिथून बहिणीकडे, पाणी नाही अशा गावाला. तू म्हणशील तोपर्यंत राहू म्हणाला. ती ऐकत होती. तिचा श्वास हळूहळू एकसारखा झाला, सावकाश, खोल.

बोलता बोलता त्याचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. त्याने तो आवळला नव्हता. पन्नास वर्षं त्या बोटांना जिवंत वस्तू दाबायची नाही एवढंच माहीत होतं. ओला हात तिच्या मनगटाखाली उघडा होता, तळवा वर.

तो आवळायचा म्हणून त्याने सगळा जीव लावला. बोटं मिटली नाहीत.

"पोरी," तो म्हणाला. "घरी चल."

नेल्दाने त्याच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. ती उठली, आणि डोहाकडे चालू लागली.